‘मूल खात नाही’ एवढ्यावर हा विषय मिटवू नका

प्रति,
अंगणवाडीतल्या पूरक पोषण आहाराचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी,
महाराष्ट्र राज्य

विषय: तीन वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीतच ताजं जेवण मिळण्याबाबत

महोदय, महोदया,
सादर नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकांना एका बैठकीत तोंडी सूचना मिळाली. घरपोच आहाराची, म्हणजे टीएचआरची पाकिटं घराघरांत पडून राहतात, काही ठिकाणी गोठ्यात जातात, अशी तक्रार वरपर्यंत गेली होती. त्यावर निघालेला उपाय असा, की मूल आहार खात नसेल तर वहीत ‘पालकांची अनास्था’ असा शेरा लिहायचा, आईला समज द्यायची आणि पुढचं पाकीट देताना तिची सही घ्यायची. पाकिटात काय आहे आणि ते मुलाच्या तोंडात का टिकत नाही, याबद्दल त्या बैठकीत कुणी अवाक्षरही काढलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी माणदेशातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त आहे. ज्यांना मी मांडीवर घेऊन भरवलं त्यांतल्या काहींची मुलं आज त्याच अंगणवाडीत येतात. माझी दीड वर्षाची नातही तिथलीच लाभार्थी आहे. उद्या माझ्या सुनेच्या नावापुढे तो शेरा येऊ शकतो, कारण नात ते पाकीट खात नाही. ती पिठल्यात कुस्करलेली भाकरी खाते, मऊ शिजलेली मटकी खाते, शेवग्याची शेंग चोखत बसते. पाकिटातल्या लापशीचा घास मात्र जिभेने बाहेर ढकलते. यात तिच्या आईची अनास्था आहे, असं मी कुणालाही म्हणू देणार नाही.

आधी या वयाच्या मुलांविषयी बोलू. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईतो साधारण नऊ किलोचं होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. त्याच सुमाराला मूल चालायला लागतं, ताटापेक्षा अंगणातल्या कोंबडीत त्याचा जीव जास्त गुंततो, आणि ओळखीचा नसलेला पदार्थ दिसला की ते तोंड फिरवतं. नव्या चवीला घाबरणं हा या वयाचा स्वभावच आहे. शिकलेल्या, सुखवस्तू घरांतही हेच चालतं. तिथल्या आया बालरोगतज्ज्ञांना हाच प्रश्न विचारतात आणि डॉक्टर त्यांना धीर देतात. आमच्या बायांना समज दिली जाते.

नवी चव मुलाने आपली मानावी, तर ती त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा यावी लागते. अभ्यास सांगतात की आठ-दहा वेळा, काही मुलांच्या बाबतीत पंधरा वेळाही. तीही जबरदस्ती न करता, थोडी थोडी, आणि इतरांना तेच खाताना बघत. आता याचा हिशेब मोजकं शिजणाऱ्या घरात बसून करा. आईने मेथी घालून मऊ खिचडी केली. मुलाने एक घास घेतला आणि थुंकला. दोन दिवसांनी पुन्हा केली, पुन्हा तेच. दहाव्या वेळी ते खाईल, हे तिला कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं तरी मधल्या नऊ वेळची डाळ, तेल, सरपण आणि तिचा वेळ कोण भरून देणार? अंड्याचं तर आणखी अवघड. चिवडून टाकलेलं अर्धं अंडं त्या बाईच्या डोळ्यांपुढून दिवसभर हलत नाही. पाच रुपयांचा बिस्किटपुडा मात्र मूल पहिल्याच दिवशी खातं, आणि पुरता खातं. त्यातलं काही वाया जात नाही. दुकानातून आई तो पुडा आणते तेव्हा हाताशी असलेल्या पैशात मुलाच्या पोटात काहीतरी जाईल, एवढी खात्री ती करून घेत असते. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी तिच्या जागी आठवडाभर राहून बघावं.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. मुलाला चांगल्या अन्नाची गोडी लागेपर्यंत काही अन्न वाया जाणारच. त्याचा भार एकट्या गरीब घरावर टाकू नका, तो अंगणवाडीने उचलावा. एका पातेल्यात वीस मुलांचं शिजतं, तिथे एकाने दोनच घास खाल्ले तरी कुणाचं घर अडत नाही. उद्या ते पातेलं पुन्हा चुलीवर चढणारच असतं, आणि त्या मुलाला पुन्हा एक संधी मिळते.

हा लाडाकोडाचा विषय समजून कुणी सोडून देऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी. रक्तक्षय असलेल्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीत ५३.८ टक्के होतं, ते ६८.९ टक्क्यांवर गेलं. दहांतली जवळपास सात मुलं. उंचीची जी तूट पहिल्या दोन-तीन वर्षांत पडते, ती पुढे फारशी भरून येत नाही. ‘मूल खात नाही’ असं लिहून पान उलटलं की ही मुलं तशीच मोठी होतात.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार वयाच्या वाटणीची. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी पाकीट. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही ही विभागणी आहे, हे मला माहीत आहे. पण ज्या वयात आवडीनिवडी बसतात नेमक्या त्याच वयात मुलाला एकटं बसवून पीठ कालवून द्यायचं, आणि त्या बसून गेल्यावर पंगतीला बोलवायचं, याला काय अर्थ आहे? मुलं एकमेकांचं बघून खातात. दीड-दोन वर्षांचं मूल मोठ्या भावंडाबरोबर अंगणवाडीत आलं की त्याच्या ताटातलं उचलून खायला लागतं, हे प्रत्येक सेविकेने पाहिलं आहे. मदतनीस त्याला वेगळी वाटी देते तेव्हा नियमाच्या हिशेबात ते मूल ‘टीएचआरचं’ असतं, आणि तिला ते अन्न कुठे दाखवायचं हा प्रश्न पडतो. शिवाय आमच्याकडे सात महिन्यांच्या बाळाला आणि पावणेतीन वर्षांच्या मुलाला एकाच प्रकारचं पाकीट येत आलं आहे. एकाला दात नाहीत, दुसऱ्याला हातात भाकरीचा तुकडा धरून स्वतः खायचं असतं. दोघांना एकच पातळ लापशी कशी पुरेल?

दुसरी तक्रार चवीची. आमच्या भागात येणारी बहुतेक पाकिटं गोड असतात आणि त्यात मिसळलेल्या जीवनसत्त्वांचा औषधी वास पिठाला राहतो. काही मुलं त्या वासानेच मान फिरवतात. जी खातात त्यांना गोडाचीच सवय लागते, आणि मग साधी वरणभाताची वाटी त्यांना अळणी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांना जास्त साखरेचे आणि जास्त मिठाचे पदार्थ देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. आम्ही घरोघर जाऊन आयांना ‘गोड बिस्किटं देऊ नका’ सांगायचं आणि त्याच हाताने गोड पाकीट द्यायचं, हे आमच्या बायांना पटत नाही. त्यांचं बरोबर आहे.

तिसरी तक्रार, हे अन्न कोण बनवतं याची. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४ पासून आहे. तरी मोठ्या निविदा निघाल्या. महिला मंडळांच्या नावाआड मोठे पुरवठादार आल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये आपल्याच राज्यातलं सुमारे ६,३०० कोटी रुपयांचं काम न्यायालयाने रद्द केलं. आमच्या गावातल्या बचत गटाच्या बाया बाजरी भरडून, हुलगे भाजून, शेंगदाण्याचं कूट घालून मुलं मिटक्या मारत खातील असं पीठ करू शकतात. त्या पिठाचा वास मुलांच्या ओळखीचा असतो, कारण तोच घरच्या माडग्याला, म्हणजे हुलग्याच्या पातळ पेजेला, येतो. त्यांना तपासणीचे नियम शिकवा, चाचणीची सोय तालुक्यात करा. त्या शिकतील.

चौथी, पैशाची. केंद्राने २०१७ मध्ये एका मुलामागे रोजचा खर्च सहा रुपयांवरून आठ रुपये केला, तीव्र कुपोषित मुलासाठी बारा. ती रक्कम पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिली. २०२५ च्या अर्थसंकल्पात दर वाढवण्याची घोषणा झाली. आठ रुपयांत आज गावच्या दुकानात एक अंडं येतं, आणि मग डाळ, तांदूळ, तेल, भाजीला काही उरत नाही. केंद्राच्या वाढीची वाट न बघता राज्याने आपली भर घालावी.

पाचव्या तक्रारीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. २०२१ पासून पोषण ट्रॅकर, म्हणजे नोंदी करायचं मोबाइल ॲप, आलं. २०२५ पासून पाकीट देताना चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. आई कामावर असेल, रेंज नसेल, आधार जुळत नसेल, तर सेविका पाकीट हातात घेऊन उभी राहते. चोरी थांबावी म्हणून हे केलं असं सांगतात, आणि चोरी थांबायलाच हवी. पण पाकीट आईच्या हातात पडलं की नोंद पूर्ण होते. ते मुलाने खाल्लं का, किती खाल्लं, का टाकलं, हे लिहायला त्यात जागा दिसत नाही. जे विचारलं जात नाही ते वर कुणाला कळत नाही, आणि मग पाकिटं गोठ्यात सापडली की आईकडे बोट दाखवलं जातं.

आणखी एक, लहान वाटेल पण लहान नाही. पुढाऱ्यांचे वाढदिवस, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, कुणाची भेट: अंगणवाडीत बिस्किटपुडे, चॉकलेटं आणि तिखट-खारट खाऊच्या पुड्या वाटल्या जातात आणि फोटो काढले जातात. मूल त्या पुडीला प्रेमाची वस्तू समजायला लागतं. वाटायचंच असेल तर केळी वाटा, खजूर वाटा, राजगिऱ्याचे लाडू वाटा.

मी हे नुसतं रागावून लिहीत नाही. हे काम जमतं, हे मी पाहिलं आहे. एक मुलगा होता, वर्ष-सव्वा वर्षाचा. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, आजी सांभाळायची. चहात बुडवलेलं बिस्किट सोडलं तर त्याच्या पोटात काही जात नव्हतं. आजीला रागावून उपयोग नव्हता, तिला दिसायचं कमी आणि चुलीपुढे बसवत नव्हतं. तिला सांगितलं, रोज अकरा वाजता त्याला घेऊन इथेच येऊन बस. पहिले काही दिवस तो आजीच्या पदराआडून नुसता बघायचा. आम्ही त्याच्यापुढे चमचाभर खिचडी ठेवायचो आणि लक्ष द्यायचो नाही. मग शेजारच्या मुलीच्या ताटातलं शीत उचललं, मग वाटी. सकाळचा चहा आजीने आपणहून बंद केला, कारण चहाने भूक मरते आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही हे तिला अंगणवाडीत बसल्या बसल्या कळलं. या सगळ्याला ना महागडं यंत्र लागलं, ना सही. लागलं ते रोज शिजणारं पातेलं, बसायला सावली आणि न चिडणारी माणसं.

हेच मोठ्या प्रमाणावरही झालं आहे. २००५ मध्ये आपल्या राज्याने राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं. दोन वर्षांखालच्या मुलांवर लक्ष दिलं, कुपोषित मुलांना गावातच दिवसातून अनेक वेळा खाऊ घालणारी केंद्रं चालवली. त्या वयातल्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत सुमारे २४ टक्क्यांवर आलं होतं. आणि त्याही आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. त्यांनी आयांना नावं ठेवली नाहीत. त्या बालवाडीच घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी सुरू झाली ती अशी. मूल अन्नापर्यंत येत नसेल, तर अन्न मुलाला झेपेल असं त्याच्यापर्यंत नेणं हे आपलं काम आहे.

म्हणून माझ्या मागण्या:

१. ‘पालकांची अनास्था’ हा शेरा आणि पाकिटाबरोबर सही घेण्याची सूचना लेखी आदेशाने मागे घ्या.

२. एक ते तीन वर्षांच्या मुलांना आई, आजी किंवा जे कोणी सांभाळतं त्यांच्यासह अंगणवाडीत रोज एक वेळचं ताजं, मऊ, घरच्या चवीचं जेवण द्या. दूरच्या वस्तीवरच्यांना आणि सहा महिने ते वर्षाच्या बाळांना कोरडा आहार चालू ठेवा, पण बाळाचा वेगळा आणि मोठ्या मुलाचा वेगळा.

३. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या सात महिन्यांपासूनच्या मुलांना २०१६ पासून आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मिळतं. म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीतून खाऊ घालता येत नाही, हे म्हणणं टिकत नाही. आमच्या दुष्काळी भागाला ती योजना नाही. ती सगळ्या राज्याला लागू करा. ज्या घरांत अंडं चालत नाही तिथे दूध किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या; कुणावर सक्ती नको. जानेवारी २०२५ मध्ये शाळेतल्या मुलांच्या अंड्याचा निधी थांबवला गेला, तसं या लहानग्यांच्या बाबतीत होणार नाही याची हमी द्या.

४. मेन्यू मुंबईत ठरवू नका. माणदेशात बाजरी आणि हुलगा, कोकणात नाचणी आणि पेज, विदर्भात ज्वारीच्या कण्या, असं जिल्ह्याजिल्ह्यानं ठरू द्या. कोणताही पदार्थ मंजूर करण्याआधी तीन वर्षांखालच्या मुलांना तो काही आठवडे खाऊ घालून बघा आणि किती मुलांनी खाल्ला हे जाहीर करा. तयार करायचं काम गावच्या आणि तालुक्याच्या बचत गटांना द्या.

५. नोंद वाटपाची ठेवता तशी खाण्याचीही ठेवा. ‘खाल्लं, थोडं खाल्लं, टाकलं’ एवढे तीन पर्याय पुरेत. टाकल्याची नोंद झाली म्हणून सेविकेला किंवा आईला नोटीस जाणार नाही, हेही लिहून द्या. नाहीतर सगळ्या वह्यांत ‘खाल्लं’ एवढंच दिसेल.

६. लहान मुलांना बसून भरवायला माणूस लागतं. जिथे मदतनिसाची जागा रिकामी आहे ती भरा, आणि सेविकांवरची ऑनलाइन नोंदींची कामं कमी करा.

७. अंगणवाडीच्या आवारात बिस्किटं, चॉकलेटं, पुड्या वाटायला बंदी घाला. ती सर्वांना लागू असावी, मान्यवरांनाही.

माझ्या गावातल्या आयांनाही एक सांगते, कारण हे पत्र त्याही वाचतील. मूल खात नाही म्हणून नाक दाबून भरवू नका, मोबाइल दाखवून भरवू नका. काय आणि केव्हा द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. त्याचं वजन आणि दंडाचा घेर दर महिन्याला मोजून घ्या. आकडा ठीक असेल तर घाबरू नका, खाली येत असेल तर त्याच दिवशी सेविकेला गाठा. तुम्हाला कुणी समज द्यायला आलं तर हे पत्र दाखवा.

अधिकारी महोदयांना शेवटची विनंती. या मागण्यांतल्या कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे लेखी कळवा. उत्तर सोप्या मराठीत असावं, म्हणजे ते अंगणवाडीच्या फलकावर लावता येईल आणि आयांना वाचून दाखवता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
माणदेश